भिवंडीच्या मैदानावरचा गार कोपरा

भिवंडीहून परत येऊन महिना होत आला. तरी दुपारी आमच्या सांगलीच्या घरात सगळं निवांत झालं की मी अजून खुर्चीचा हात घट्ट धरून बसते. आमचे हे विचारतात, "काय गं, काय झालं?" आता यांना काय सांगू? पायाखालची जमीन हलत नाहीये म्हणून भीती वाटतेय, असं म्हटलं तर माणूस हसेलच. म्हणून लिहूनच काढायचं ठरवलं. ज्यांनी भिवंडी पाहिलेली नाही, जिचं नाव त्यांनी फक्त दंगलीच्या बातम्यांत वाचलंय, त्यांच्यासाठी.

तो हंगामच पायाला भिंगरी लावल्यासारखा गेला. महिला बास्केटबॉल प्रशिक्षकांची आमची संघटना लहान, आणि तिचं अध्यक्षपद माझ्या गळ्यात पडलं ते अगदी साध्या कारणानं. सभेत नाव सुचवायची वेळ आली तेव्हा बाकीच्या सगळ्या खाली बघत बसल्या, मी एकटीच पंख्याकडे बघत होते. काम काय, तर गावोगावच्या शाळांत ज्या पीटीच्या बाई मुलींना बास्केटबॉल शिकवतात, त्यांना प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र द्यायचं की नाही ते ठरवायचं. तीन-चार दिवस बाईंचा सराव बघायचा, मग बाहेरचा संघ बोलवून सामना लावायचा. बाकावर बसून बाई संघ कसा चालवतात ते दोघी परीक्षकांनी, म्हणजे अध्यक्ष आणि जवळपासच्या गावची एक प्रशिक्षक, पाहायचं आणि तिथंच पास की नापास सांगायचं. दोघींचं जुळलं नाही तर अध्यक्षाचा शब्द शेवटचा. सोलापूर, बार्शी, जालना, अकोला असं करत मी भिवंडीला पोचले तेव्हा मार्च लागला होता आणि माझ्या बॅगेतले कपडे स्वच्छ कुठले नि मळके कुठले ते मलाही सांगता येत नव्हतं.

निघताना जाऊबाईंनी विचारलं होतं, "तिकडं कशाला बाई?" आणि अंगाऱ्याची पुडी हातात ठेवली होती. मी ती घेतली, उगीच वाद नको म्हणून.

मंगळवार

माझी सोय पाटकरवहिनींकडे होती. जिथल्या बाईंची परीक्षा घ्यायची होती त्याच शाळेत त्या मराठी शिकवतात, यजमान नगरपालिकेत कारकून, तीन पिढ्या भिवंडीतच. घर छान, अंगणात जास्वंद. पण घराच्या दोन्ही अंगांना लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे, कारखाने. मी उंबऱ्यात पाय ठेवला तर तळव्यातून काहीतरी वर चढत गेलं. खडखड, खडखड, खडखड. नुसता कानात नाही, दातांत, बरगड्यांत. वहिनींनी पाण्याचा पेला दिला त्यातलं पाणी थरथरत होतं. कपाटातल्या कपबश्यांखाली फडकी घातलेली, नाहीतर त्या चालत चालत खाली पडतात म्हणे.

"दोन दिवस त्रास होईल मालतीताई," वहिनी माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या. "मग ऐकूच येणार नाही."

स्वयंपाकघरात त्यांची सून चुलीशी होती. वहिनी दारात उभ्या राहिल्या आणि ओठ हलवले. सुनेनं ओठ हलवले. वहिनी हसल्या. आवाज काही नाही. मी दोघींच्या मधे, आणि दोघींचं काय चाललंय ते मला कळेना. आमच्याकडे सासू-सून बोलायला लागल्या की शेजारच्या गल्लीला कळतं. इथं अख्खं घर बोलत होतं आणि ऐकणारं कुणी नव्हतं. मला उगाचच वाटलं, माझ्याबद्दल बोलताहेत. नंतर कळलं, खरंच बोलत होत्या. पाहुणीला वालाचं बिरडं चालेल का, एवढंच.

संध्याकाळी जेवायला हाजीसाहेबांकडे बोलावणं होतं. हे शाळेच्या कमिटीचे प्रमुख, जुने लूममालक, बोलायला गोड. तांदळाची भाकरी अशी मऊ आणि पांढरी की आमच्या ज्वारीच्या भाकरीनं लाजावं, आणि नारळाच्या वाटपातलं मटण. मी पोटभर जेवले. मग हाजीसाहेबांनी हात पुसत मुद्द्याला हात घातला.

"नजमा चांगली मुलगी आहे," ते म्हणाले. नजमा म्हणजे ज्या बाईंची परीक्षा घ्यायला मी आले होते त्या. "आमच्याच शाळेत शिकली, आता मुलींना शिकवते. पण मॅडम, कमिटीत मी एकटा नाही. लोक विचारतात, दोन वर्षांपूर्वी नापास झालेली बाई काय शिकवणार? माझं राहनाळचं गोडाऊन भरलंय, बाकीच्यांचीही तीच गत. सगळ्यांची नजर शाळेमागच्या त्या मैदानावर आहे. सुताच्या गोण्या उतरवायला बरं पडेल."

"आणि मुली?"

"म्हणून तर सांगतो. ह्या वेळी पास झाली तर मैदान मुलींचं. मी जबान देतो. नाही झाली, तर मग मलाही कुणाला तोंड देता येणार नाही."

दोन वर्षांपूर्वी तिला नापास केलं होतं आमच्या आधीच्या अध्यक्षबाईंनी. कारण एकच सांगितलं होतं. आवाज नाही.

बुधवार

मैदान शाळेच्या मागच्या बाजूला. एका अंगाला शाळेची भिंत, उरलेल्या तीन अंगांना कारखाने, खाली सिमेंटचा कोबा. दोन्ही टोकांचे बोर्ड थरथरत होते आणि कडी मधूनच चमकायची. हवेत सुताचा भुगा तरंगत होता. तो केसांत बसतो, चहात पडतो, पापण्यांवर साठतो. नजमा आधीच येऊन उभी होती. किडकिडीत, पांढरे कॅनव्हासचे बूट, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली. तिनं मला नमस्कार केला आणि काहीतरी म्हणाली. मला ओठ दिसले फक्त.

मी बुटाची नाडी बांधायला म्हणून चेंडू खाली ठेवला. वर बघते तर चेंडू निघालेला. सावकाश, कुणी हाक मारल्यासारखा, सरळ मैदान ओलांडून डाव्या हाताच्या लांबच्या कोपऱ्यात गेला आणि थांबला. एक मुलगी धावली, पण कोपऱ्यात गेली नाही. बाहेरूनच पाय लांब करून अंगठ्यानं चेंडू ओढून घेतला. उतार असेल, मी म्हटलं.

मग खेळ सुरू झाला, आणि माझ्या अंगावर काटा आला. आमच्या सांगलीच्या मुली खेळतात तेव्हा बाजार भरतो. इकडे दे, मागे बघ, अगं सोड की. इथं एकीचंही तोंड उघडत नव्हतं. ओठ किंचित हलायचे, बोट वळायचं, मान तिरकी व्हायची, आणि चेंडू जिथं जायचा तिथं जायचा. तो आपटायचा तेही ऐकू येत नव्हतं, लूम सगळं गिळत होते. टीव्हीचा आवाज बंद करून चित्र बघावं तसं. फक्त इथं बटण कुठं आहे ते मला माहीत नव्हतं.

खेळ चांगला होता, फारच चांगला. एक चूक दिसली म्हणून थांबवायला मी शिट्टी तोंडाशी नेली. फुंकायच्या आधीच सगळ्या थांबल्या. दहाही जणी माझ्याकडे बघत उभ्या. योगायोग असेल म्हणून मी सोडून दिलं. थोड्या वेळानं पुन्हा तसंच. तिसऱ्या वेळी मी शिट्टी खिशातच ठेवली आणि मनात म्हटलं, आता थांबवावं. थांबल्या.

मी नजमाजवळ गेले आणि तिच्या कानात ओरडले, "हे कसं?"

ती माझ्या कानाशी आली. आवाज खरंच बारीक. "फुंकायच्या आधी तुम्ही श्वास घेता मॅडम. खांदे वर जातात."

"आता तर मी शिट्टी काढलीच नव्हती."

"पण थांबवायचं ठरवलं होतं ना? तेव्हाही घेतला."

कारण कळलं की भीती जाते म्हणतात. माझी गेली नाही. त्या दिवशी उरलेला सगळा वेळ मी श्वास जपून घेत होते, आणि मुली ते बघून गालातल्या गालात हसत होत्या.

दुसऱ्या परीक्षक कल्याणच्या शोभाताई. माझी जुनी मैत्रीण, पण नियमाला पक्की. बुधवारी त्या सराव बघायला येऊन गेल्या, आणि शुक्रवारच्या सामन्याला त्यांच्याच शाळेचा संघ येणार होता. आमच्यात माणसं थोडी, म्हणून एकीलाच दोन-तीन कामं करावी लागतात. शोभाताईंनी नाक मुरडलं.

"मालतीताई, ही बाई मुलींना मुकं करतेय," गेटाबाहेर आल्यावर त्या म्हणाल्या. "प्रशिक्षकाचा आवाज मैदानाच्या त्या टोकाला पोचला पाहिजे. उद्या दुसऱ्या गावी सामना असेल तेव्हा काय करणार ही?"

"इथं पोचतंय की सगळं."

"कसं पोचतंय ते बघितलंत ना? मला नाही ते बरं वाटलं." त्या घाईघाईनं रिक्षात बसल्या. बरं मलाही वाटलं नव्हतं, पण मी ते कबूल करणार नव्हते.

गुरुवार

सकाळी उठले तर घशातून आवाज नाही. दोन दिवस लूमच्या वरचढ ओरडण्याचा पराक्रम केला होता त्याचं फळ. माझी हाक म्हणजे कृष्णेच्या पलीकडे ऐकू जाणारी, तिची पार बोलती बंद. वहिनींनी ज्येष्ठमधाची कांडी दिली आणि पोट धरून हसल्या. सून ओठ हलवून काहीतरी म्हणाली आणि, देवाशपथ, मला ते कळलं. "आता शिकाल." मीही ओठ हलवून म्हटलं, "शिकते." तिघी हसलो. दारातल्या कुत्र्याला ओठ वाचता आले असते तर तोही हसला असता.

दुपारी ऊन मी म्हणत होतं. सरावाच्या मधल्या सुट्टीत मुली भिंतीच्या दोन बोटं सावलीत दाटीवाटीनं बसल्या. मी बघते तर तो लांबचा कोपरा रिकामा. कारखान्याची अर्धी सावली तिथं पडलेली, तरी एकही मुलगी तिकडे फिरकत नव्हती. मी गेले आणि बसले. काय सुख. सगळा कोबा तव्यासारखा तापलेला, आणि इथं मांडीखाली माठासारखं गार.

मग लक्षात आलं, फक्त गार नाही. तीन दिवस भिवंडीत जिथं बसावं तिथं जमीन थरथरत होती. घरात, शाळेत, रिक्षात, अंथरुणात. इथं थरथरत नव्हती. मी तळहात टेकवून पाहिला. काही नाही. कारखाना चार हातांवर खडखडत होता आणि ही तेवढी जागा गप्प होती. मेलेल्या माणसाच्या छातीवर हात ठेवावा तसं मला झालं, आणि तो हात उचलावा हेही सुचेना.

समोर नजमा उभी होती. तिनं दोन बोटांनी खूण केली. उठा. मी उठले.

"तिथं कुणी बसत नाही," भिंतीशी आल्यावर ती म्हणाली.

मी घोगरं कुजबुजले, "का? भूतबित आहे की काय?"

ती हसली नाही. "मला माहीत नाही मॅडम. मी इथं शिकत होते तेव्हाही आम्ही बसत नसू. ठंडा कोना म्हणायचो. कुणी सांगितलेलं नाही. नवी मुलगी आली तरी दोन दिवसांत आपणहून टाळायला लागते." मग म्हणाली, "चेंडू पण तिथं नीट उसळत नाही."

मी विषय बदलला. तिला विचारलं, उद्याची भीती वाटते का. ती म्हणाली, "वाटते. परीक्षेची नाही. मैदान गेलं तर ह्या मुली संध्याकाळी चारच्या पुढं घराबाहेर पडणार नाहीत. ही जागा आहे म्हणून घरचे सोडतात." तिच्या मागे मुली एकमेकींच्या वेण्या घालत बसल्या होत्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

भिवंडीत लूमची सुट्टी शुक्रवारची. गुरुवारी दिवेलागणीला मशिनं बंद होतात ती शुक्रवारी दिवेलागणीला पुन्हा सुरू. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी पाटकरांच्या ओटीवर चहा पीत होते. आधी उजवीकडचा कारखाना थांबला, मग डावीकडचा, मग पलीकडची गल्ली, आणि मग शांतता एकेक घर घेत लांब लांब गेली. पेल्यातलं पाणी स्थिर झालं. आत पाळण्यात वहिनींचा नातू तीन दिवस त्या खडखडाटात गाढ झोपत होता, तो दचकून जागा झाला आणि जिवाच्या आकांतानं रडायला लागला.

"दर गुरुवारी असंच," वहिनी म्हणाल्या. हळू बोलल्या, तरी मोठं वाटलं. त्या आत जाऊन पाळण्यापाशी बसल्या. रस्त्यावरून माणसं जात होती ती पावलं जपून टाकत होती. आमच्या गावची शांतता अंगावर शाल घेतल्यासारखी असते. ही तशी नव्हती. घरातलं कुणीतरी न सांगता निघून गेलं आणि बाकीचे त्याचं नाव काढत नाहीत, अशी होती. माझ्या कानात लूम चालूच होते, आणि ते आता माझ्या आतच चालले होते.

शुक्रवार

जुम्म्याच्या नमाजानंतर नजमाच्या आईनं डबा पाठवला. तांदळाची नारळाच्या दुधातली वाफवलेली सांदणं, किंचित गोड. मी चार खाल्ली, पाचवं लाजेखातर ठेवलं.

सामना चारला. शोभाताईंच्या मुली टेम्पोतून उतरल्या त्या किलबिलाट करतच. त्या बोलल्या की कारखान्यांच्या भिंतींवरून आवाज परत यायचा. चेंडू आपटला आणि ढप असा आवाज झाला. नजमाच्या मुली एकदम खाली बघायला लागल्या. मला आधी कळेना. मग उमगलं, शुक्रवारी सराव नसतो. ह्या मुलींनी आपल्याच मैदानावर आपल्याच चेंडूचा आवाज आजवर ऐकलेला नव्हता. प्रत्येक उसळीला त्या दचकत होत्या. पास चुकले, हात सुटले, कल्याणच्या मुली भराभर पुढं गेल्या. शोभाताई माझ्याकडे बघून हलकेच मान हलवत होत्या, म्हणजे बघा, मी म्हणत नव्हते?

नजमा मात्र खेळाकडे बघतच नव्हती. मान खाली, डोळे अर्धे मिटलेले. बिचारी खचली, मी म्हटलं. कल्याणची एक मुलगी चेंडू घेऊन डाव्या कोपऱ्याकडून गेली तेव्हा नजमाची मान झटकन तिकडे वळली. पुन्हा एकदा तसंच झालं.

दुसऱ्या डावात मुली सावरल्या. नजमा उभी राहिली, तिचे ओठ, तिची बोटं चालू झाली, आणि मुलींनी कान सोडून डोळ्यांवर भरवसा ठेवला. एकेक करत त्यांनी फरक भरून काढला. शेवटची काही मिनिटं उरली तेव्हा एकाच बास्केटचं अंतर होतं. मी परीक्षक आहे हे विसरून मुठी वळून बसले होते.

तेव्हा कल्याणची उंच मुलगी, वैशाली, चेंडू आपटत त्या डाव्या कोपऱ्यात शिरली. तिच्या मदतीला आणखी दोघी धावल्या. ढप, ढप, आणि मग आवाज बदलला. रिकाम्या रांजणाला थाप मारावी तसा, खोल, आणि किंचित उशिरा. मी ऐकला. शोभाताईंनीही ऐकला असणार. कोबा वाईट आहे, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

नजमानं हात वर केला. तिच्या मुली चेंडूकडे पाठ फिरवून मैदानाबाहेर चालू लागल्या. वैशालीला कळेना, तिनं मोकळ्यावर बास्केट केलं आणि तिच्या मैत्रिणींनी टाळ्या वाजवल्या. नजमाचे ओठ पुन्हा हलले. तिच्या मुली वळल्या, धावत आल्या, आणि एकेकीनं कल्याणच्या एकेकीचं मनगट धरून तिला ओढत भिंतीशी नेलं.

शोभाताई उठून ओरडल्या, "हे काय चाललंय? हात काय धरताय मुलींचे?" मी शिट्टी फुंकली. मैदान रिकामं झालं होतं.

"त्या कोपऱ्याखाली पोकळ आहे," नजमा आमच्यासमोर येऊन म्हणाली. ओठ पांढरे पडले होते.

"कशावरून?" शोभाताई म्हणाल्या.

"ऐकलं."

"तीन मिनिटं राहिली होती. वेळ न मागता संघ बाहेर नेला तर सामना गेला, आणि उमेदवार नापास. माहीत आहे ना तुम्हाला?"

"माहीत आहे."

कडेला सामना बघत बसलेले हाजीसाहेब खुर्चीवरून उठून आले. "नजमा बेटा, हा कोबा माझ्या डोळ्यांसमोर घातलाय. किती वर्षं मुली खेळतात. आजच काय झालं?"

"आजच ऐकू आलं," ती म्हणाली. हाजीसाहेबांनी शेलारहून ओळखीच्या गवंड्याला बोलावणं पाठवलं. तो सायकलवरून पहार घेऊन येईपर्यंत ऊन कलत आलं. मुली चहा प्यायल्या, पण दोन्ही शाळांच्या मुली भिंतीशीच उभ्या राहिल्या, कुणी कोब्यावर पाय ठेवला नाही. गवंड्यानं पहारीची मूठ कडेकडेनं आपटत नेली, कोपऱ्यापाशी थांबला, पुन्हा आपटली.

"हितं वाजतंय," तो म्हणाला. "पण खाली काय हाय का न्हाय, ते फोडल्याबिगर न्हाय कळायचं."

"फोड," हाजीसाहेब म्हणाले.

"थांबा," नजमा म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "मॅडम, आधी निकाल द्या."

मी घशातून खरखरले, "अगं, दहा मिनिटं दम धर की. खाली काही निघालं तर..."

"निघालं तर तुम्ही पास कराल. नाही निघालं तर नापास. मग परीक्षा माझी झाली की जमिनीची?" तिचा आवाज बारीकच होता, पण त्या शांततेत सगळ्यांना ऐकू गेला. "उद्या पुन्हा मला असं काही वाटलं, तर मुलींना बाहेर काढायचं, की आधी फोडून बघायचं? तेवढं सांगा."

मला तिचा राग आला. खरंच आला. मैदान तिच्या हातून चाललं होतं, मी वाट काढून देत होते, आणि ही बया ती वाट आपल्या हातानं बुजवत होती.

"मी नापास म्हणते," शोभाताई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात खुनशीपणा नव्हता. "नियम आहे तो. कानाला वाटलं म्हणून सामने सोडायला लागलो तर खेळच उरणार नाही."

दोघींचं जुळणार नव्हतं, म्हणजे शब्द माझा. मी त्या कोपऱ्याकडे पाहिलं. सिमेंट होतं, बाकीच्यासारखंच. तोच आवाज मीही ऐकला होता. बाकावर मी असते तर काय केलं असतं? तीन मिनिटं राहिली होती, एका बास्केटचा फरक होता. मी थांबले असते. संपू दे, मग बघू, असं म्हणाले असते. माझं मला स्पष्ट कळलं.

दिवे लागले. लांबच्या गल्लीत पहिला लूम सुरू झाला, मग दुसरा, आणि खडखडाट आमच्याकडे येत येत तिन्ही भिंतींतून एकदम बाहेर पडला. जमीन थरथरायला लागली. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "पास." आवाज निघालाच नाही, आणि निघाला असता तरी कुणी ऐकला नसता. शोभाताई हाताचा द्रोण कानाला लावून माझ्याकडे बघत होत्या. पण भिंतीशी उभ्या असलेल्या भिवंडीच्या मुलींना कळलं. एकीनं दुसरीचा हात धरला. नजमानं डोळे मिटले आणि गवंड्याला मान हलवून खूण केली.

पहार दोनदाच मारावी लागली. कोबा पापडासारखा तुटला आणि आत गेला. पडल्याचा आवाज नाही. गवंडी उडी मारून मागे सरला. कडेचं सिमेंट त्यानं पालथं पडून हातानं काढलं, तशी गोल बांधकामाची कड दिसली. वर टाकलेल्या दगडी लाद्या कधीच्या सरकून खाली गेलेल्या, मधली माती ओघळून गेलेली, आणि इतकी वर्षं मुली नुसत्या सिमेंटच्या सालीच्या कडेकडेनं नाचत होत्या. खालून थंड हवा तोंडावर आली.

"इहीर हाय," गवंडी हाजीसाहेबांच्या कानात ओरडला. "बुजवलीच न्हाय. झाकलीय."

हाजीसाहेब मटकन खाली बसले. वडिलांच्या वेळी इथं विहीर होती, ती बुजवली, एवढंच त्यांनी ऐकलं होतं. किती खोल आहे ते बघायला त्यांनी दगड उचलून आत टाकला. आम्ही सगळे वाकून कान देऊन राहिलो. लूम चालू होते, काही ऐकू येईना. त्यांनी मोठा दगड टाकला. तरी नाही. सुताच्या गोण्यांनी भरलेला ट्रक त्यांच्याही डोळ्यांसमोर आला असावा, कारण दाढीवरून त्यांचा हात हलेना. मग ते उठले, नजमाजवळ गेले, आणि तिच्या कानाशी वाकून ओरडले ते मला शेजारी असल्यानं ऐकू आलं. "वरपर्यंत भरून घेतो. मैदान मुलींचंच."

नजमाचं लक्षच नव्हतं. तिनं दोन्ही शाळांच्या मुली भिंतीशी एका रांगेत उभ्या केल्या होत्या, आपल्या कुठल्या, कल्याणच्या कुठल्या, असं काही न बघता. एकेकीच्या डोक्यावर हात ठेवून ती मोजत चालली होती. तिच्या मागून शोभाताई चालल्या होत्या, त्याही मोजत होत्या, वैशालीपाशी येऊन त्यांचा हात जरा जास्त वेळ राहिला. रांगेच्या टोकाला पोचून नजमा थांबली, तिचे ओठ हलले, सगळ्या आहेत, आणि तरी ती परत पहिल्या मुलीपाशी जाऊन पुन्हा मोजू लागली.